भांड्यावरचा ठसा : अमेरिकेतील जुने प्यूटर-कारागीर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या कार्यवाहांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय माझ्या आवडीचा असावा, परंतु तो ज्ञातीच्या धंद्याला सोडून नसावा, अशी प्रेमाची अट घातली. मी आयुष्यभर मुलांना इतिहास आणि भूगोल शिकविला. आमच्या घरातील भट्टी माझ्या आजोबांबरोबरच विझली. त्यामुळे तांब्यापितळेच्या कामाविषयी आपल्यापैकी अनेकांपुढे बोलण्याचा मला अधिकार नाही. म्हणून मी जरा दूरचा विषय निवडला आहे. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेत प्यूटर नावाच्या मिश्रधातूची ताटे, वाट्या, पेले आणि चहादाण्या घडविणारे जे कारागीर होऊन गेले, त्यांची हकीकत मी सांगणार आहे. विषय परदेशी असला तरी ती माणसे आपल्याला फारशी परकी वाटणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

प्यूटर म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. ज्या कथिलाने आपण भांड्यांना कल्हई करतो, ते कथील हाच या धातूचा मुख्य भाग. आपल्याकडे कथील भांड्याच्या अंगावर पातळसे चढते, तेथे सबंध भांडेच कथिलाचे. नुसते कथील मऊ असते, म्हणून त्यात थोडे तांबे, थोडा अँटिमनी किंवा बिस्मथ घालून त्याला कठीणपणा आणीत. कासे करताना आपण तांब्यात थोडे कथील मिसळतो, त्याच्या हे अगदी उलट झाले. उत्तम प्यूटरमध्ये शेकडा नव्वदांहून अधिक कथील असे. हलक्या मालात मात्र शिसे मिसळीत. शिसे स्वस्त पडते, पण भांडे जड व काळसर होते, आणि आंबट पदार्थाशी त्याचा संबंध आला की ते पोटात जाण्याची भीती असते, हे आज आपण सर्वजण जाणतो.

तांबे वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. कथील २३२ अंशांवरच पाणी होते. या एका गोष्टीतून प्यूटरचे सारे नशीब ठरले. असले भांडे चुलीवर ठेवण्याची सोयच नव्हती. स्वयंपाक लोखंडाच्या किंवा आतून कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यात करावयाचा आणि वाढावयाचे प्यूटरमध्ये, अशी तेथील रीत होती. दुसरे असे की, भांडे मोडले, वाकले किंवा झिजले तर ते पुन्हा वितळवून नवे करणे अगदी सोपे होते. घरच्या शेगडीवर लोखंडी पळीतसुद्धा ते वितळते. पुष्कळ घरी चमच्यांचा एखादा पितळी साचा असे, आणि झिजलेले चमचे घरच्या घरी वितळवून पुन्हा ओतीत.

इंग्लंडातून अमेरिकेत वसाहत करावयास गेलेल्या सामान्य कुटुंबात आरंभी लाकडी थाळ्यांतच जेवण होई. चांदी श्रीमंतांना परवडे. या दोहोंच्या मधली प्रतिष्ठा प्यूटरची. मांडणीवर घासून लखलखीत केलेल्या प्यूटरच्या ताटांची ओळ दिसली की घर बरे चालले आहे, हे पाहुण्याला कळे. घरचा कर्ता वारला की त्याच्या चीजवस्तूंची याद होई, आणि तीत प्यूटरची भांडी पुष्कळदा नगावर न लिहिता वजनावर लिहिलेली आढळतात. आपल्या आजीच्या काळी पितळेची भांडी शेरावर तोलून घेत, आणि अडीअडचणीला तीच तोलून विकीत, याची येथे अनेकांना आठवण होईल.

आता कारागिराची अडचण पाहा. ज्या तेरा वसाहतींतून पुढे संयुक्त संस्थाने झाली, त्या प्रदेशात उपयोगी पडेल असे कथील निघत नव्हते. ते इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतात निघे, आणि त्याच्या व्यापाराची दोरी इंग्लंडच्या हाती होती. लंडनच्या प्यूटर-कारागिरांच्या संघाला चौथ्या एडवर्ड राजाने पंधराव्या शतकातच सनद दिली होती. हा संघ मोठा बलाढ्य होता. आपली तयार भांडी वसाहतींत खपावीत आणि वसाहतींतील कारागिराने डोके वर काढू नये, असेच त्यांना वाटणार. म्हणून कच्च्या कथिलाच्या कांड्यांवर जकात बसे, आणि तयार भांडी मात्र जकातीवाचून जात. आपल्या देशातील विणकरांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या युक्तीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा स्थितीत तेथला कारागीर जगला कशावर? मोडीवर! गिऱ्हाइकाने जुनी, वाकलेली भांडी आणावीत, कारागिराने ती तोलून घ्यावीत, तुटीचा व मजुरीचा हिशेब करावा आणि नवे भांडे हाती द्यावे. जुन्या प्यूटरच्या बदली नवे देऊ, किंवा जुन्याचे रोख पैसे देऊ, अशा जाहिराती त्या काळच्या वर्तमानपत्रांत आढळतात. आपल्या पेठांतून मोड देऊन नवे भांडे घेण्याची जी चाल होती, तीच ही. परंतु या चालीचा एक परिणाम मोठा दुःखद झाला. कालचे ताट आजच्या भट्टीत गेले, आजचे उद्याच्या. कारागिराने जन्मभर घडविलेला माल त्याच्याच मुलाने वितळविला. त्यामुळे त्या पहिल्या शंभर वर्षांतील अमेरिकन प्यूटर आज जवळजवळ नाहीसे झाले आहे.

मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी १६३५ च्या सुमारास रिचर्ड ग्रेव्ह्ज नावाच्या माणसाने दुकान घातले. त्या देशातील पहिला ज्ञात प्यूटर-कारागीर म्हणून त्याचा मान आहे. गृहस्थ जरा तापट असावा. कारण भांडणतंट्यांबद्दल तेथील न्यायालयाच्या दफ्तरात त्याचे नाव सापडते. त्याच्या हातचे म्हणून खात्रीने दाखविता येईल असे एकही भांडे मात्र आज उरलेले नाही. भांडणे टिकली, भांडी गेली! बोस्टनचा हेन्री श्रिम्टन हा याच धंद्यात व व्यापारात मोठा धनवान होऊन १६६६ साली वारला. त्याच्या संपत्तीची नोंद आहे. कामाचा नमुना नाही.

याला एक अपवाद सापडला, तो जमिनीच्या पोटात. व्हर्जिनियातील जेम्सटाउन या जुन्या वसाहतीच्या जागी विसाव्या शतकात उत्खनन झाले, तेव्हा मातीत एका चमच्याचा मोडका तुकडा मिळाला. त्याच्या दांड्यावर ठसा होता. ठशात जोसेफ कोपलंड हे नाव, चकाटक हे गावाचे नाव आणि १६७५ हे साल, अशी तिन्ही अक्षरे वाचता आली. अमेरिकेत घडविलेल्या, साल घातलेल्या प्यूटरच्या वस्तूंत हा तुकडा सर्वांत जुना मानला जातो. जो चमचा कोणीतरी हरवला म्हणून घरात आरडाओरड झाली असेल, तोच हरवल्यामुळे भट्टीतून वाचला.

या ठशाविषयी मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण आजच्या माझ्या बोलण्याचा तोच गाभा आहे. लंडनच्या संघाचा नियम असा की, प्रत्येक कारागिराने आपला ठसा संघाच्या वाड्यात ठेवलेल्या धातूच्या पत्र्यावर उमटवून नोंदवावा. १६६६ च्या लंडनमधील मोठ्या आगीत आधीचे पत्रे नष्ट झाले; १६६८ पासूनचे अजून आहेत. खोटा माल निघाला तर तो कोणाचा, हे शोधण्याची ती सोय होती. अमेरिकेत असा संघवाडा नव्हता, पत्रा नव्हता, आणि ठसा मारण्याची कायद्याने सक्तीही नव्हती. तरीदेखील पुष्कळ कारागीर ठसा मारीत राहिले. कोणी सिंह घाली, कोणी गुलाब व मुकुट घाली. उत्तम धातूची खूण म्हणून इंग्रजी एक्स अक्षरही ठोकीत. काहीजण तर आपल्या घरच्या मालावर चक्क ‘लंडन’ असा ठसा मारीत, कारण विलायती माल तेवढा चांगला ही गिऱ्हाइकाची समजूत. पोटासाठी कारागीर काय करणार! मी त्यांना दोष देत नाही. परंतु उत्तम हात असूनही दुसऱ्याच्या गावाचे नाव लावावे लागणे, याच्यासारखी दुसरी मानहानी नाही.

आता घडविण्याची रीत. प्यूटर-कारागिराचे खरे भांडवल म्हणजे साचे. ते बहुधा काशाचे किंवा पितळेचे असत, आणि इतके महाग असत की दुकानातील इतर सर्व सामानापेक्षा त्यांचीच किंमत अधिक भरे. म्हणून कोणापाशीही आकारांची फार विविधता नसे. दोनतीन मापांची ताटे, एकदोन वाडगी, एक पेला, आणि झाले. साचे बापाकडून मुलाकडे जात. कारागीर वारला की त्याचे साचे दुसरा विकत घेई. यामुळे फॅशन बदलली तरी पन्नास वर्षांपूर्वीचाच घाट पुढे चालू राही. एक पसरट वाडगे, त्याला जाळीदार नक्षीचा आडवा कान, असे भांडे इंग्लंडात मागे पडले तरी अमेरिकेत कितीतरी वर्षे चालले.

साच्याच्या आतल्या अंगाला काजळीचा किंवा गेरूसारख्या मातीचा हात देत, म्हणजे धातू नीट पसरे व चिकटत नसे. ओतून झाले की भांडे लेथवर चढवीत. लेथचे मोठे चाक उमेदवाराने किंवा मजुराने हाताने फिरवावयाचे आणि उस्तादाने पोलादी हत्याराने पृष्ठभाग तासून गुळगुळीत करावयाचा. चांगल्या ताटाचा जो वळणाचा भाग, म्हणजे तळ आणि काठ यांच्यामधला, तो हातोडीने ठोकून घट्ट करीत. आपले तांबट बांधव ज्याला मठारणे म्हणतात, तेच काम. त्या ठोक्यांच्या ओळी जुन्या ताटाच्या पाठीवर अद्याप दिसतात.

कान बसविण्याची एक पद्धत मला फार आवडली. कान निराळा ओतून झाळण्याऐवजी कानाचा साचा भांड्याच्या अंगालाच लावून त्यात रस ओतीत. पण उष्ण रसाने भांड्याची भिंतच वितळावयाची! म्हणून आतल्या बाजूने जाड कापडाची ओली घडी दाबून धरीत. त्या ठिकाणी धातू क्षणभर मऊ होई आणि कापडाची वीण भांड्याच्या आतल्या अंगावर उमटे. आज दोन-अडीचशे वर्षांनंतर संग्रहालयातील पेल्यात डोकावून पाहिले, तर कानाच्या मागे ती उभ्याआडव्या धाग्यांची खूण दिसते. ठसा मारला नसला तरी ही खूण राहिलीच.

कारागिरांतील दोन नावे विशेष सांगण्यासारखी आहेत. योहान क्रिस्टोफ हाइने हा जर्मनीतील सॅक्सनीचा, जन्म १७१५. मोराव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथीयांबरोबर तो १७४२ मध्ये अमेरिकेत आला आणि पुढे पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर गावी स्थायिक झाला. तेथील जर्मन वस्तीच्या देवळांसाठी त्याने द्राक्षासवाचे उंच सुरईवजा कुंभ आणि चषक केले. त्या कुंभांना तीन पाय आणि प्रत्येक पायावर पंख असलेल्या बालदेवदूताचे मुख. देवळाची भांडी म्हणून ती कोणी मोडीत घातली नाहीत, आणि म्हणूनच हाइनेचे काम आज पाहावयास मिळते. तो १७८१ मध्ये वारला.

दुसरा विल्यम विल. हाही जर्मनीत जन्मलेला, दहा वर्षांचा असताना १७५२ मध्ये आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेला. बाप प्यूटरचेच काम करणारा, भाऊ हेन्री हाही त्याच धंद्यात. विल्यमने फिलाडेल्फियात दुकान घातले. त्याच्या चहादाण्या व कॉफीच्या झाऱ्या पाहिल्या तर चांदीच्या कामाचा डौल साध्या धातूत आणणे म्हणजे काय, हे कळते. जाणकार त्याला त्या देशातील या धंद्याचा अग्रणी मानतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. स्वातंत्र्ययुद्धात हा मनुष्य नागरिक सेनेत अधिकारी झाला; १७८० ते १७८३ या काळात फिलाडेल्फियाचा शेरीफ होता; पुढे आपल्या राज्याच्या विधिमंडळातही बसला. भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाने शहराचा कारभार पाहावा, हे त्या समाजाला विचित्र वाटले नाही. १७९८ मध्ये तो निवर्तला.

स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ला पेटले. विलायती मालाची आवक बंद पडली, आणि गोळ्यांसाठी शिशाबरोबर घरोघरची प्यूटरची भांडीही वितळली. युद्धानंतर ठशांतील सिंह आणि मुकुट मागे पडून त्यांच्या जागी गरुड आला व त्याच्याभोवती तारे आले. २३ जुलै १७८८ रोजी न्यूयॉर्क शहरात नव्या राज्यघटनेच्या पाठिंब्यासाठी मोठी मिरवणूक निघाली. तीत एकेका धंद्याचे लोक आपापले निशाण घेऊन चालत होते. प्यूटर-कारागिरांच्या मंडळाने रंगविलेले रेशमी निशाण नेले. त्यावर त्यांच्या कारखान्याचे चित्र, काम करणारे कारागीर, नव्या राष्ट्राचा ध्वज आणि घटनेच्या गौरवाच्या काही ओळी होत्या. ते निशाण न्यूयॉर्कच्या इतिहास-संग्रहालयात आजही जपून ठेवले आहे. आपल्या संस्थेच्या मिरवणुकीची निशाणे कोठे जातात, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही!

कनेक्टिकटमधील डॅनफर्थ घराण्याची कथा तर एखाद्या ज्ञातिवृत्तांतात शोभण्यासारखी आहे. टॉन्टन गावचा थॉमस डॅनफर्थ १७३३ मध्ये नॉर्विच येथे आला. त्याचा थोरला मुलगा, नाव पुन्हा थॉमसच, मिडलटाउनला गेला, आणि त्याचे मुलगे याच कामात पडले. एक हार्टफर्डला, एक फिलाडेल्फियाला, असे ते पांगले. त्यांच्या बहिणीचे लग्न बोर्डमन घराण्यात झाले. तिच्या मुलांनी मामांच्या हाताखाली काम शिकून हार्टफर्डला मोठे दुकान चालविले. त्यांतील थॉमस डॅनफर्थ बोर्डमन १७८४ मध्ये जन्मला व १८७३ मध्ये वारला. आपल्या एका आयुष्यात त्याने या धंद्याचा मध्यान्हही पाहिला आणि सूर्यास्तही पाहिला.

सूर्यास्ताची कारणे सांगण्यास फार वेळ लागत नाही. इंग्लंडातून स्वस्त, पांढरी, नक्षीदार चिनी मातीसारखी ताटे येऊ लागली. ती घासावी लागत नसत. १८०७ च्या व्यापारबंदीने आणि १८१२ च्या युद्धाने देशी कारागिराला थोडा श्वास मिळाला, एवढेच. त्यातच इंग्लंडातील शेफील्ड येथे ब्रिटानिया नावाचा धातू निघाला होता. कथील, अँटिमनी व तांबे, शिसे मुळीच नाही. त्याचे पातळ पत्रे लाटता येत, आणि पत्रा फिरत्या लेथवर लाकडी घाटावर दाबून भांडे करता येई. महाग साच्यांची गरजच संपली. ज्याच्या घरी वडिलोपार्जित साच्यांची रास होती, त्याची ती रास एका पिढीत ओझे ठरली. १८२४ मध्ये टॉन्टन येथेच आयझॅक बॅबिट आणि विल्यम क्रॉसमन यांनी ब्रिटानियाचा कारखाना काढला. त्यातूनच पुढे रीड अँड बार्टन ही प्रसिद्ध कंपनी झाली. १८४० नंतर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढू लागला, आणि मग ब्रिटानियाही मुलाम्याखाली झाकला गेला.

या बॅबिटची एक गंमत सांगतो. त्याने १८३९ मध्ये यंत्रांच्या बेअरिंगसाठी कथील, अँटिमनी व तांबे यांचा मिश्रधातू सुचविला. गिरणीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात काम केलेल्या आपल्या बांधवांना ‘बॅबिट’ किंवा ‘व्हाइट मेटल’ हा शब्द परिचयाचा आहे. बेअरिंगमध्ये ओतावयाचा तो रस म्हणजे चहादाणी करणाऱ्या कारागिराच्याच हातचा धातू. ताटातून उठून तो यंत्राच्या आसाखाली जाऊन बसला.

ठशाचेही तेच झाले. गरुड-सिंह जाऊन सरळ ओळीत कंपनीचे नाव आले, मग नावाखाली मालाचा क्रमांक आला. विसाव्या शतकात अमेरिकेतील हौशी मंडळी जुने प्यूटर गोळा करू लागली. १९३४ मध्ये त्यांनी आपला संघही स्थापिला. त्यांनी काय केले? ताटामागचा अर्धवट झिजलेला ठसा घ्यावयाचा, जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती, खरेदीखते, मृत्युपत्रे आणि यादी चाळावयाच्या, आणि या अक्षरांचा माणूस कोण, कोठला, कोणाचा शिष्य, हे ठरवावयाचे. अशा रीतीने शेकडो विस्मृत कारागिरांना पुन्हा नावगाव मिळाले.

आता आपल्या घरातील जुना हंडा किंवा परात उलटी करून पाहा. त्यावर नाव असते. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले सुंदर अक्षर असते. कोणाला लग्नात कोणी दिले, कोणत्या देवळाला कोणी अर्पण केले, हे सर्व त्यावर वाचता येते. प्यूटरच्या ताटांवरही मालकाची आद्याक्षरे असत. पण तेथे मालकाच्या अक्षरांशेजारी करणाऱ्याचाही ठसा असे. आपल्या परातीवर तो बहुधा शोधून सापडत नाही. देणाऱ्याचे नाव आपणच कोरले, घेणाऱ्याचे नाव आपणच कोरले, आणि आपले मात्र कोरले नाही. माझ्या आजोबांनी घडविलेली भांडी आज कोणाकोणाच्या घरी असतील. ती समोर ठेवली तरी मला ओळखता येणार नाहीत. हाताची खूण ओळखणारे जाणते म्हातारे आता थोडेच उरले आहेत. ते आहेत तोवर हे काम झाले पाहिजे.

म्हणून कार्यवाहांच्या अनुमतीने मी आज दाराजवळच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुने साचे, मठारण्याच्या हातोड्या, ऐरणी, हिशेबाच्या वह्या असतील, किंवा अमुक भांडे आमच्या अमुक पूर्वजाने केले असे जे खात्रीने सांगू शकतील, त्यांनी त्या वस्तूचे, करणाराचे व गावाचे नाव वहीत लिहून जावे. ज्यांना लिहिणे जमणार नाही त्यांनी मला सांगावे, मी लिहून घेईन. मोडीत घालण्यासाठी कोणी जुनी भांडी बाहेर काढली असतील, तर ती तोलण्यापूर्वी एकदा मला दाखवावीत, एवढी विनंती.